वयाप्रमाणे ताट

पोरी, तुझ्या घरात चार माणसं जेवायला बसतात. सासूबाई ७६ वर्षांच्या, जावई ४८, तू ४५ आणि लेक १७. स्वयंपाक एकच असतो आणि तो एकच असावा. चार प्रकार रांधायला कुणाला वेळ आहे? पण वाढताना ताटं उलटी होतात, आणि तिथं माझा जीव अडकतो. जावयांच्या ताटात भाताची दुसरी मूद पडते. सासूबाई ‘रात्रीचं मला काही नको, चहात खारी बुडवून खाईन’ म्हणतात आणि सगळे ‘बरं’ म्हणून मोकळे होतात. लेक वजनाच्या धास्तीनं अर्धी पोळी खाऊन उठते. आणि तू उभ्याउभ्या पातेल्यातलं उरलंसुरलं संपवतेस.

आहारतज्ज्ञ म्हणून रुग्णालयात काम करताना घराघरांतली ही चार ताटं मी रुग्णांच्या तोंडून ऐकत आले. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली, ती तुझ्या कानात सांगून ठेवते. वय वाढतं तसं शरीर अन्नाचं ऐकायची पद्धत बदलतं. पन्नाशीच्या आसपास हात आखडायचा असतो आणि सत्तरीनंतर तोच हात सैल सोडायचा असतो. आपण नेमकं याच्या उलट वागतो.

हे असं का, ते आधी समजून घे; मग पथ्य लक्षात ठेवावं लागत नाही.

अन्नातून शरीराला ताकद मिळते, तसा एक निरोपही मिळतो. जेवलीस की रक्तात साखर येते आणि इन्सुलिन वाढतं. डाळ, दूध, अंडं यांतून अमिनो आम्लं येतात आणि पेशीतलं एमटॉर नावाचं प्रथिन जागं होतं. दोघंही पेशीला एकच सांगतात, की माल आलाय, वाढा, साठवा, नवं बांधा. माल येणं थांबलं की निरोप फिरतो. मग पेशी आपल्या आतली मोडकी प्रथिनं, खराब झालेले भाग शोधते, त्यांचे तुकडे करते आणि तेच पुन्हा वापरते. फराळाचे डबे शिगोशीग भरलेले असताना फडताळाच्या मागचं जुनं कुणी काढत नाही. किराणा संपत आला की मात्र सगळं बाहेर येतं आणि कामीही लागतं, तसंच हे. या कामाला ऑटोफॅजी म्हणतात. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवून ती कशी चालते आणि कोणती जनुकं ती चालवतात हे शोधलं. २०१६ सालचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

म्हातारपणामागे या दुरुस्तीचं मागं पडणं हेही एक कारण असतं. दिवसभर थोडंथोडं तोंडात टाकत राहणाऱ्या माणसाच्या पेशींना ‘वाढा’ हाच निरोप सतत मिळतो आणि दुरुस्तीची पाळी येतच नाही.

हे काही आजचं ज्ञान नाही. १९३५ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना कमी खायला दिलं, मात्र जीवनसत्त्वं आणि क्षार पुरेपूर दिले. ते उंदीर पोटभर खाणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. तिथून ही विद्या सुरू झाली. पुढे १९९३ मध्ये सिंथिया केनियन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका जंतात इन्सुलिनसारखा निरोप ऐकणारं एकच जनुक बिघडवलं, तर जंत दुप्पट जगला. म्हणजे निरोपातच काहीतरी होतं.

पण माणसाच्या जवळचं उदाहरण हवं म्हणून माकडांकडे यावं लागतं, आणि तिथली गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. अमेरिकेत दोन ठिकाणी ऱ्हीसस माकडांना वर्षानुवर्षं सुमारे तीस टक्के कमी खाऊ घातलं. विस्कॉन्सिनमधल्या लोकांनी २००९ मध्ये सांगितलं की कमी खाणारी माकडं जास्त काळ टिकली. राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या लोकांनी २०१२ मध्ये सांगितलं की आयुष्य काही वाढलं नाही. मग दोघांनी एकत्र बसून आकडे तपासले. विस्कॉन्सिनमधली तुलनेची माकडं हवं तेवढं खात होती आणि त्यांच्या खाण्यात साखर भरपूर होती. दुसरीकडे तुलनेच्या माकडांनाही मोजूनमापून, कमी साखरेचं खाणं होतं. जी मुळातच बेतानं खात होती त्यांचं आणखी कमी करून आयुष्य फारसं वाढलं नाही. माझ्या मते याचा अर्थ तुझ्या-माझ्यासाठी सरळ आहे. उपाशी राहण्यानं जादू होत नाही. अतिखाणं थांबवण्यानं पुष्कळ होतं.

माणसांवरही एक चांगला प्रयोग झाला. कॅलरी नावाच्या त्या चाचणीत लठ्ठ नसलेल्या दोनशेवर लोकांपैकी दोनतृतीयांश जणांनी दोन वर्षं खाणं पंचवीस टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. प्रत्यक्षात जमलं बारा टक्के. तेवढ्यानंही रक्तदाब, कोलेस्टेरॉल, इन्सुलिनचं काम सगळं सुधारलं. त्यासोबत त्यांचे स्नायू आणि हाडंही थोडी घटली. या शेवटच्या वाक्याची पदराला गाठ मारून ठेव, सासूबाईंच्या ताटाकडे येऊ तेव्हा लागेल.

आता तुमचं दोघांचं ताट.

‘चाळिशी उलटली आत्या, चयापचय मंदावलंय, पाणी प्यायलं तरी अंगाला लागतं,’ हे तू मला कितीदा तरी म्हणालीस. तसं नसतं गं. २०२१ मध्ये हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या सहा हजारांवर माणसांचा रोजचा ऊर्जाखर्च तपासला, आठ दिवसांच्या बाळापासून पंच्याण्णव वर्षांच्या वृद्धांपर्यंत. शरीराच्या आकारमानाचा हिशेब घातला तर विशीपासून साठीपर्यंत खर्च जवळजवळ सपाट राहतो. साठीनंतर तो दरवर्षी पाऊण टक्क्याच्या आसपास उतरतो. म्हणजे पंचेचाळिशीतल्या वाढत्या पोटाचा दोष चयापचयावर टाकता येत नाही. या वयात चालणं कमी होतं, झोप मोडते, ऑफिसातला चहा आणि त्यासोबतचं काहीतरी वाढतं, स्नायू हळूहळू उतरायला लागतात. हे सगळं आपल्या हातातलं आहे, म्हणून तर सांगते.

त्यात आपली भारतीय काया वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बाहेरून दोघंही सडसडीत. आपल्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाच्या आत. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नकोस. बेंबीच्या पातळीवर टेप लाव. जावयांची कंबर नव्वद सेंटीमीटरच्या आत हवी, तुझी ऐंशीच्या आत. पँट ज्या मापाची घेतो तेवढीच कंबर असं पुरुषांना वाटत असतं. पँट पोटाखाली बांधलेली असते.

साखरेचं म्हातारपणाशी काय नातं, तेही ऐक. रक्तात साखर जास्त फिरत राहिली की ती प्रथिनांना चिकटते आणि त्यांना ताठर करते. तीन महिन्यांची साखर म्हणून जी एचबीए१सी तपासणी करतो, ती याच चिकटण्याचं मोजमाप आहे. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून तीन महिने. लाल पेशी नवी येते. पण डोळ्यातल्या भिंगाची प्रथिनं आयुष्यभर बदलत नाहीत आणि सांध्यांतलं, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतलं कोलॅजन वर्षानुवर्षं तेच राहतं. तिथं चिकटलेली साखर निघत नाही. मोतीबिंदू, कडक झालेल्या रक्तवाहिन्या, आखडलेला खांदा यांच्यामागे तिचा हात असतो. मधुमेह नसलेल्या माणसातही हे चालूच असतं, फक्त सावकाश. प्रत्येक जेवणानंतर साखरेची उसळी जेवढी कमी, तेवढं हे सावकाश.

उसळी कमी करायचे उपाय आपल्याच घरात आहेत. पहिला म्हणजे ताटातला क्रम. कोशिंबीर, पालेभाजी, उसळ आधी खायची आणि भात-पोळी मागून. न्यूयॉर्कमध्ये मधुमेही रुग्णांवर हा प्रयोग झालाय, लहानसाच, ११ जणांवर. तेच जेवण, फक्त भाजी आणि प्रथिनं आधी आणि पाव नंतर, तर तासाभरानंतरची साखर तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त कमी भरली. आपल्याकडे पहिला वरण-भात, मग पोळी, मग मागचा ताक-भात अशी रीत. सणावारी ती असू दे. रोज मात्र जावयांना आधी वाटीभर उसळ आणि काकडी-टोमॅटो दे, तोंड गुंतलं की मग पोळी वाढ. भाताला नाही म्हणू नकोस. तो शेवटी आला की आपोआप अर्धा होतो. हुलग्याचं पिठलं, मटकी, मसूर, चवळी, वाल अशी पाळी लाव म्हणजे कंटाळा येत नाही.

दुसरा उपाय शतपावली. ही आपल्या वाडवडिलांची रीत, आणि प्रयोगात ती पक्की उतरली. वॉशिंग्टनमध्ये साठीपुढच्या माणसांना प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायला लावलं. दिवसभराची साखर सकाळच्या पाऊण तासाच्या चालण्याइतकीच आटोक्यात आली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर जास्तच. याचं कारण स्नायू. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा तेच उचलतात, आणि चालताना तर इन्सुलिनवर फार न विसंबता उचलतात. शंभर पावलांत भागत नाही, पंधरा मिनिटं हवीत. गच्चीवर, सोसायटीच्या आवारात, पाऊस असेल तर घरातल्या घरात. मोबाइल हातात घेऊन बसायच्या आधी.

तिसरी गोष्ट रात्रीच्या जेवणाची वेळ. जैन शेजारणी दिवेलागणीच्या आत जेवतात ते तू लहानपणापासून पाहिलंस. शरीराला घड्याळ असतं. रात्री इन्सुलिनचं काम मंदावतं, तीच पोळी रात्री दहाला जास्त साखर चढवते. टेक्सासमध्ये २०२२ साली उंदरांवर जो प्रयोग प्रसिद्ध झाला त्यात सगळ्यांना सारखंच कमी खाणं दिलं. ज्यांनी ते दिवसरात्र थोडंथोडं खाल्लं त्यांचं आयुष्य दहा टक्क्यांनी वाढलं. ज्यांनी फक्त आपल्या जागेपणीच्या वेळात खाल्लं त्यांचं पस्तीस टक्क्यांनी. उंदीर निशाचर, म्हणून त्यांची वेळ रात्रीची, आपली दिवसाची. तुमच्या घरी जावई नऊला येतात, तेव्हा सातला जेवा म्हणणं चालायचं नाही. मग असं कर. सहाच्या सुमारास डब्यात काहीतरी भरीव असू दे, फुटाणे किंवा मोड आलेले मूग, आणि नऊला हलकं, भाजी, ताक, एखादी भाकरी. त्यानंतर सकाळच्या नाश्त्यापर्यंत काही नाही. बारा तासांची शांतता मिळाली तरी पुष्कळ. सोळा तासांच्या मागे लागू नकोस.

उपासाबद्दल एकच. एकादशी अन् दुप्पट खाशी असं आपण म्हणतो आणि तसंच करतो. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. खिचडी, वडे, बटाट्याचा कीस, वर गोड शिकरण, असा दिवस साखरेच्या दृष्टीनं नेहमीच्या दिवसापेक्षा जड. उपास धरायचा तर खरा धर: दिवसा ताक, फळ, मूठभर दाणे, आणि संध्याकाळी एकदा जेवण. चातुर्मासात एकभुक्त राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नव्हतं. पोटाचे दोन भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्याला मोकळा, हे वाग्भटानं अष्टांगहृदयात लिहून ठेवलंय. जपानात ओकिनावाची जुनी माणसं दहापैकी आठ भाग पोट भरलं की थांबायची. दोन लांबच्या ठिकाणच्या माणसांना एकच गोष्ट सुचली, त्यात काही अर्थ असणार.

एवढं सगळं तुम्हा दोघांसाठी. यातलं हात आखडायचं एक अक्षर सासूबाईंना लावायचं नाही. मघाची गाठ आठव: कमी खाणाऱ्यांचे स्नायू आणि हाडंही घटली होती.

साठीच्या पुढे शरीराची अडचण वेगळी होते. स्नायूंना निरोप ऐकू येईनासा होतो. तरुण माणसानं वीस ग्रॅम प्रथिनं खाल्ली की स्नायू बांधायला लागतात. सत्तरीतल्या माणसाला तेवढ्याच कामासाठी तीस-पस्तीस ग्रॅम लागू शकतात. चाळिशीपासून दर दशकाला स्नायू उतरत असतातच, साठीनंतर उताराला वेग येतो. आणि स्नायू म्हणजे फक्त ताकद नव्हे. साखर उचलायची जागा तीच. आजारपणात शरीराला प्रथिनांची उचल द्यायची गंगाजळीही तीच. मांडीचं हाड मोडून पडणं, मग अंथरूण धरणं आणि मग उठताच न येणं, या मालिकेची सुरुवात बऱ्याचदा चहा-खारीच्या जेवणांत असते. हे मी इतक्या घरांत पाहिलं की सांगताना आवाज चढतो, रागावू नकोस.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या हजारो लोकांच्या आहाराच्या नोंदी तपासून एक गोष्ट पुढं आली. पन्नास ते पासष्ट या वयात भरपूर प्रथिनं, विशेषतः प्राण्यांपासूनची, खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. पासष्टीनंतर चित्र उलटलं. जास्त प्रथिनं खाणारे जास्त टिकले. नोंदींवरून काढलेला निष्कर्ष आहे, प्रयोग नव्हे, हे ध्यानात घेऊनही मला तो पटतो, कारण खाटेवर पाहिलं ते त्याच्याशी जुळतं.

आपल्या आयसीएमआरनं २०२० मध्ये प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली. वृद्धांसाठी जगभरातले तज्ज्ञ एक ते १.२ ग्रॅम म्हणतात. सासूबाईंचं वजन पंचावन्न किलो धर. रोज पंचावन्न ते सहासष्ट ग्रॅम झाली. चहा-खारी, वरणाचं पाणी आणि एक पोळी यांत पंचवीससुद्धा भरत नाहीत. ती भरायची कशी, ते सांगते. सकाळी मुगाची दोन धिरडी आणि पेलाभर दूध, साधारण सोळा. दुपारी मऊ भाकरी, घट्ट उसळीची वाटी आणि वाटीभर दही, सोळा-सतरा. चार वाजता चहासोबत खारीऐवजी मूठभर दाण्यांचा कूट गुळात कालवून लाडू, सहा-सात. रात्री मऊ मुगाची खिचडी, तीत पन्नास ग्रॅम पनीर कुस्करून, वर तूप, आणि झोपताना कपभर दूध, वीसच्या आसपास. घरात अंडं चालत असेल तर एकाला सहा ग्रॅम, ते सगळ्यांत सोपं. कवळी असेल तर सगळं मऊ, पण पातळ नको. पातळ केलं की पोट पाण्यानं भरतं. नाचणी आंबवून तिची आंबील दे, चुन्याचा भाग तिच्यात भरपूर. जवस-कारळ्यांची चटणी तोंडाला चव आणते आणि चांगलं तेलही पोटात जातं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिनांचा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरव.

आणि नुसतं खाऊ घालून भागत नाही. बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या शंभर माणसांवर प्रयोग झाला, १९९४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सरासरी वय सत्त्याऐंशी. काहींना पायांसाठी वजनं उचलायचा व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही. व्यायाम करणाऱ्यांच्या पायांची ताकद दहा आठवड्यांत दुपटीहून वाढली. नुसतं पेय पिणाऱ्यांना काही फायदा झाला नाही. स्नायूला ऐकू यावं म्हणून त्याला आधी हलवून जागं करावं लागतं. सासूबाईंना जिममध्ये न्यायची गरज नाही. खुर्चीतून हात न टेकवता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा, जेवणाच्या आधी. जमलं की हातात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. सोबत तू उठ-बस कर, म्हणजे त्या करतील.

त्यांचे उपास हा नाजूक विषय. ‘बंद करा’ म्हणायचं नाही, कधीच नाही. आयुष्यभराचं व्रत आहे ते. पण त्यांची मधुमेहाची गोळी चालू असताना निर्जळी केली तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, पडतात, आणि मग पुन्हा तीच मालिका. तेव्हा उपासाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना गोळीचं विचार, आणि उपासाला राजगिऱ्याची पोळी, दाण्याची आमटी, वरई, दूध, दही असं वाढ. व्रतही राहतं आणि प्रथिनंही राहतात. वय झालं की तहानही लागेनाशी होते, म्हणून ताकाचा, सरबताचा पेला हातात आणून द्यायचा; ‘पाणी हवं का’ विचारलंस तर ‘नको’च म्हणतील.

सासूबाईंच्या बी-ट्वेल्व्हची तपासणी करून घे. शाकाहारी घर, वयाबरोबर जठरातलं आम्ल कमी झालेलं, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्ताची रोजची गोळी. चारही वाटांनी बी-ट्वेल्व्ह कमी होतं. पायांना मुंग्या, विसरभोळेपणा, तोल जाणं ही लक्षणं घरचे म्हातारपणाच्या खात्यात टाकतात. त्यातलं बरंचसं वेळीच इंजेक्शनानं किंवा गोळ्यांनी थांबवता येतं.

गोळ्यांवरून आठवलं. तारुण्य टिकवणारी म्हणून जी अँटिऑक्सिडंटची पावडर जावयांनी मागवली, ती राहू दे. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी मांडलं की फ्री रॅडिकल्समुळे पेशी म्हातारी होते, आणि त्या विचारातून हा बाजार उभा राहिला. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांवर बीटा कॅरोटिनच्या गोळ्यांची चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अठरा टक्क्यांनी जास्त निघाला. गाजरातून मिळणारं तेच द्रव्य गोळीत कोंबलं की वेगळं वागलं. रॅपामायसीनचं नावही हल्ली ऐकू येतं. ईस्टर बेटाच्या मातीतून ते काढणाऱ्या संशोधकांत मूळचे भारतीय सुरेन सहगल पुढे होते, आणि म्हाताऱ्या उंदरांचं आयुष्य त्यानं वाढलं हे २००९ मध्ये दिसलं. पण मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबायला वापरतात ते औषध आहे हे. धडधाकट माणसानं इंटरनेटवर वाचून घ्यायचं नव्हे.

राहिली लेक. तिच्याशी बोलायला मला सगळ्यांत जास्त आवडेल, कारण तिच्या ताटात पुढची पिढीही जेवते. डॉ. याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण चरबी मात्र त्यांनी जपलेली. कमी पडलं होतं ते स्नायूंत. ज्या आयांच्या रक्तात बी-ट्वेल्व्ह कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांचं इन्सुलिन सहाव्या वर्षीच नीट काम करेनासं झालं होतं. म्हणजे तुमच्या कमरेचा जो घेर मी मोजायला सांगितला, त्याची सुरुवात तुमच्या आयांच्या, आज्यांच्या ताटात झाली होती. लेकीच्या हाडांत चुना भरायची ही वर्षं आहेत. तिशीनंतर ती भर पडत नाही, फक्त खर्च होतो. तिला अर्ध्या पोळीवर उठू देऊ नकोस. बारीक दिसायचं तिचं वय आहे, ते मान्य कर, त्यावरून टोचू नकोस, पण दूध, चालत असेल तर अंडं, मटकी, तिळाची चटणी, पालेभाजी तिच्या पुढ्यात येत राहिली पाहिजे, आणि संध्याकाळी ती मैदानावर गेली पाहिजे.

तुझ्यासाठी एक वेगळं. पाळी थांबायची वर्षं जवळ आली की इस्ट्रोजेन उतरतं आणि हाडांची झीज वेगानं होते, कंबरही भरते. तू हात आखड असं वर म्हणाले ते भात, साखर आणि तळणाबद्दल. उसळ-दह्यात कपात करायची नाही. आणि उरलंसुरलं उभ्यानं खाणं बंद. बसून, ताट घेऊन, सगळ्यांबरोबर.

एक वही घाल आणि स्वयंपाकघरातच ठेव. महिन्याच्या पहिल्या तारखेला जावयांची कंबर, तुझी कंबर आणि सासूबाईंचं वजन लिही. तुमच्या दोघांच्या बाबतीत आकडा खाली गेला तर आनंद. सासूबाईंचं वजन मुद्दाम कमी केलेलं नसताना सहा महिने ते वर्षात पाच टक्क्यांनी उतरलं, पंचावन्न किलोला पावणेतीन किलो, तर ‘वयामुळे असेल’ म्हणू नकोस. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे ने, आणि जाताना ती वही सोबत घे.